‘करू ना ताई’ या उत्तराचं काय करायचं?

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून, हद्दवाढीत आलेल्या कॉलनीतल्या एका ताईंनी विचारलंय: "आप्पा, आमच्या प्रभागात दोन जागांसाठी सात उमेदवार आहेत. कॉलनीतल्या आम्ही बायकांनी सहा प्रश्न लिहून सगळ्यांना दिले. पाणी, घरपट्टी, रस्ते-गटार, ओपन स्पेस, कचरा आणि कुत्री. पाच जणांनी लेखी उत्तरं दिली. पण वाचायला बसलं की पाचही कागद सारखेच वाटतात. तोंडी विचारलं तर ‘करू ना ताई’. यातून निवडायचं कसं? सोबत कागदांचे फोटो पाठवलेत."

ताई, कागद मी दोनदा वाचले. माझी 31 वर्षं नगरपालिकांमध्ये गेली. आधी पाणीपुरवठ्याला लिपिक होतो, मग कर विभागात, आणि शेवटची वर्षं सभेचं इतिवृत्त लिहिण्यात गेली. तेव्हा असले कागद वाचायची सवय आहे. पाचही सारखे नाहीत. तीन सारखे आहेत. चौथ्यात एक ओळ कामाची आहे. आणि पाचवा तुम्हाला सगळ्यात कमी आवडला असणार, कारण त्यात दोन ठिकाणी चक्क ‘हे माझ्या हातात नाही’ असं लिहिलंय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमच्याकडची मागची निवडणूक 2016 च्या हिवाळ्यात झाली. त्या सभागृहाची मुदत 2021 च्या अखेरीस संपली, आणि तेव्हापासून आजवर, 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत, प्रशासकच कारभार बघतोय. तुमची कॉलनी वसली ती याच काळात. म्हणजे तुमच्यापैकी निम्म्या घरांनी या गावात नगरसेवक कधी पाहिलेलाच नाही. 2 डिसेंबर 2025 ला तुम्ही तीन मतं द्याल, एक थेट नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या ‘अ’ आणि ‘ब’ जागांना. मग नगरसेवक नेमकं काय करू शकतो, हे आधी कळायला हवं.

तो कुठल्याही कामाचा आदेश देऊ शकत नाही. पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला ‘आमच्याकडे जास्त वेळ सोड’ असं फोनवर सांगतो खरा, पण तो अधिकार नव्हे, दांडगाई. त्याचा खरा अधिकार एकच, सभेत हात वर करणं किंवा न करणं. अंदाजपत्रकात रक्कम कुठल्या शीर्षाखाली ठेवायची, कुठल्या योजनेचा प्रस्ताव पाठवायचा, कराचा दर काय ठेवायचा, कुठली निविदा मंजूर करायची, हे सभा किंवा समिती ठरवते आणि मुख्याधिकारी राबवतो. ठराव बेकायदा किंवा जनहिताविरुद्ध वाटला तर नगरपालिका कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. हात वर करणं हलक्यात घेऊ नका. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी ठरवलं. त्यात माजी नगरसेवक मोठ्या संख्येनं होते. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण त्यानंतर आमच्या सभांमध्ये एक बदल मी डोळ्यांनी पाहिला. ‘विषय वाचला असे समजण्यात यावे’ म्हणणाऱ्यांना कोणीतरी हटकायला लागलं.

आता पाणी. यावर मी जरा लांबणार आहे, कारण पाचही कागदांत सगळ्यात मोठी थाप इथेच आहे.

तुमच्याकडे आठ दिवसांनी पाणी येतं. उमेदवार म्हणतो, ‘तापी उशाला असून पाणी नाही, ही शरमेची बाब आहे. रोज पाणी देऊ.’ टाळ्या पडतात. पण एक हिशोब करा. तुमच्या घरी पाच माणसं. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी, खाली हजाराचा हौद. पाणी आलं की दोन्ही भरून घेता. तीन हजार लिटर, पाच माणसं, आठ दिवस. माणशी रोज 75 लिटर पडतात. सरकारी मापदंड 135 लिटरचा आहे. म्हणजे पाणी अगदीच नाही असं नाही, निम्म्याहून थोडं जास्त मिळतंय. मग आठ दिवस कुठून आले?

ते आले झोनच्या संख्येतून. गावाचे पाण्यासाठी तुकडे पाडलेले असतात. समजा 16 झोन आहेत आणि उंच टाकी दिवसातून दोनदा भरते. एका भरण्यात एक झोन होतो. दिवसाला दोन, म्हणजे 16 झोनला आठ दिवस. इतकं साधं आहे. नदीत कितीही पाणी असू द्या, टाकी दोनदाच भरत असेल तर आठ दिवस लागणारच. टाकी दोनदाच का भरते? कधी पंप जुना असतो. कधी जॅकवेल, म्हणजे नदीकाठची उपसा विहीर, तिथपासून पाणी वर चढवणारी रायझिंग मेन ठिकठिकाणी गळते. कधी वीज जाते आणि आली तरी लाइन परत भरायला दोन तास जातात. कधी शुद्धीकरण केंद्राचीच क्षमता तेवढी असते. यातलं नेमकं दुखणं कुठलं, ते प्रत्येक गावाचं वेगळं.

आता यात तुमच्या कॉलनीतली, अजून नळ नसलेली घरं आली. नवीन टाकी न बांधता त्यांना जुन्या लाइनवरून जोडलं की झोन 18 झाले, आणि सगळ्या गावाचे आठाचे नऊ दिवस झाले. पेठेतल्या लोकांचा कॉलनीवाल्यांवर राग असतो तो उगाच नसतो. म्हणून पहिल्या उमेदवाराच्या कागदावर ‘कॉलनीला सहा महिन्यांत मुख्य जलवाहिनीतून कनेक्शन’ हे वाचून तुम्ही खूश झालात, तर त्याच उमेदवाराला जुन्या गावातल्या चौकात हेच वाक्य म्हणायला लावा. तुमचा प्रभाग अर्धा पेठेत आणि अर्धा कॉलनीत आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तिथे तो काय बोलला ते एखाद्या नातेवाइकाला विचारा.

कामाची म्हणालो ती चौथ्या कागदातली ओळ हीच: ‘कॉलनीसाठी वेगळा जलकुंभ झाल्याशिवाय नवीन नळजोडणी देऊ नये असे माझे मत आहे.’ तुमच्या बायकांना हे कडू लागलं असेल. पण ज्यानं हे लिहिलं त्याला झोनचं गणित माहीत आहे. त्याला पुढचा प्रश्न विचारा: जलकुंभाची जागा कोणती? कारण टाकीला जागा लागते, आणि ती बहुतेक वेळा तुमच्याच ओपन स्पेसवर येऊन बसते. तिथे तिसऱ्या उमेदवाराचा बगीचा आणि दोन नंबरच्या उमेदवार ताईंचं सभागृह आधीच कागदावर उभं आहे.

स्रोताचा प्रश्न वेगळा आणि तो उन्हाळ्यात येतो. तापीवर हतनूर धरण आहे, 41 दरवाजांचं. त्याच्या खालच्या गावांना उन्हाळ्यात आवर्तन सुटलं तरच नदीत पाणी दिसतं. गिरणाकाठच्या गावांचंही तसंच, गिरणा धरणातून पाणी सुटलं की पाचोरा-भडगावाकडचे लोक नदीकडे बघायला जातात. हे पाणी किती आणि कधी सोडायचं, ते धरणातल्या साठ्यावर ठरतं आणि ठरवणारं टेबल नगरपालिकेचं नसतं. नगरपालिका मागणी नोंदवते. वेळेवर नोंदवली का आणि आधीच्या पाण्याची थकबाकी भरली का, एवढं मात्र सभेला विचारता येतं. पावसाळ्यात उलटं होतं. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते. त्या दिवसांत गढूळपणा इतका वाढतो की तुरटी दुप्पट टाकली तरी पाणी निवळायला वेळ लागतो, आणि पुरवठा लांबतो. हे कुठल्याही पक्षाचं पाप नाही.

आणि टिल्लू पंप. हा विषय पाचांपैकी एकानंही घेतला नाही. घेणारच नाहीत, मतं जातात. नळाला थेट मोटर लावली की शेवटच्या घरांना थेंब येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आठ दिवस रिकामी पडलेली लाइन गटारीतून गेलेली असेल आणि वरून मोटरीनं ओढलं, तर फुटक्या सांध्यातून काय आत येतं? पहिली दहा मिनिटं पिवळं पाणी येतं ते यातूनच. मग कावीळ, गॅस्ट्रो. टिल्लू पंप जप्तीच्या पथकात मी स्वतः दोनदा गेलो. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत फोन गेलेले असायचे. तुमच्या कॉलनीत किती आहेत ते उमेदवाराला विचारायच्या आधी स्वतःला विचारा, ताई. रागावू नका.

पैशाचं बघू. पाचवा सोडून सगळ्यांनी लिहिलंय, ‘घरपट्टी-पाणीपट्टी वाढू देणार नाही.’ समजा गावात 20 हजार नळजोडण्या आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला 2 हजार. सगळ्यांनी भरली तर 4 कोटी होतात. पण वसुली 60 टक्के झाली, तर हातात 2 कोटी 40 लाख. पंपाचं वीजबिल महिन्याला 25 लाख धरलं तर वर्षाचे 3 कोटी तिथेच गेले. अजून तुरटी, क्लोरीन, व्हॉल्व्हमनचे पगार, लिकेज दुरुस्ती बाकीच आहे. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या गावचे खरे आकडे अंदाजपत्रकात मिळतील. पण गणिताचा साचा जवळपास सगळीकडे हाच. आता रोज पाणी द्यायचं म्हणजे पंप जास्त तास चालणार, म्हणजे वीजबिल वाढणार. आणि पट्टी वाढणार नाही. मग हे पैसे येणार कुठून? एकाच कागदावर वर ‘रोज पाणी’ आणि खाली ‘पट्टी वाढ नाही’ लिहिणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. त्याला बोलू द्या.

तिसऱ्या उमेदवारानं उत्तर आधीच देऊन ठेवलंय: ‘वरून निधी आणू.’ वरचा निधी खरा असतो. नगरोत्थान आहे, वैशिष्ट्यपूर्ण योजना आहे, वस्ती सुधारचा पैसा आहे, जिल्हा नियोजन समितीचा आहे, 2021 पासून ‘अमृत 2.0’ आहे. वित्त आयोगाचाही पैसा येतो, पण 15 व्या आयोगानं आपल्यासारख्या शहरांचा 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला. त्यातून कमान उभी करता येत नाही. यातला बहुतेक निधी बांधायला मिळतो, चालवायला नाही. टाकी बांधायला मिळेल, टाकी भरायचं बिल गावानंच द्यायचं. शिवाय योजनेत नगरपालिकेचा हिस्सा असतो. तो भरायला तिजोरीत पैसे नसले की योजना रेंगाळते आणि खोदलेले रस्ते तसेच राहतात. एके काळी जकात होती, तेव्हा नगरपालिकांच्या हातात रोजचा पैसा खेळायचा. 1999 मध्ये ती गेली आणि त्याबदली सरकारी अनुदान आलं. तेव्हापासून घरपट्टी हीच नगरपालिकेची खरी स्वतःची कमाई. तिच्यावर बोलायला मात्र कोणी तयार नाही.

घरपट्टीत नगरसेवकाला काय करता येतं? फेरआकारणी साधारण चार वर्षांनी होते. तेव्हा नोटिसा येतात, हरकती घेता येतात, सुनावणी होते. इथे चांगला नगरसेवक उपयोगाचा, कारण आकारणीत चुका भरपूर असतात. पत्र्याच्या घराला स्लॅबचा दर लागतो, भाडेकरू नसताना भाडेकरू दाखवलेला असतो, आणि दुमजली बंगल्याची नोंद मोकळ्या प्लॉटचीच राहून जाते. हा शेवटचा प्रकार नव्या कॉलन्यांमध्ये सगळ्यात जास्त. कर विभागात असताना एका कॉलनीत मी मोजणीला गेलो, तर दर तिसऱ्या घराची नोंद मोकळा प्लॉट म्हणून. त्या घरांवर आकारणी लावली असती तर कोणाचीही पट्टी न वाढवता उत्पन्न वाढलं असतं. मी टिपणी लिहिली. ती सभेपुढे आलीच नाही. कारण तुम्ही ओळखलंत.

‘घरपट्टी माफ’ म्हणणाऱ्याचा मात्र कागद बाजूला ठेवा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये माफी मिळाली, ती राज्य सरकारच्या निर्णयानं. आपल्या सभेनं ठराव करून घरपट्टी माफ होत नाही. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती वाढत वाढत मुद्दलाच्या वर जाते, हे दुःख खरं आहे. पण तीही नगरसेवकाच्या तोंडी शब्दावर सुटत नाही. निवडणुकीच्या तोंडावर ‘भरू नका, मी बघतो’ असं सांगणारे प्रत्येक गावात असतात. त्यांच्यावर विसंबून राहिलेल्यांची थकबाकी मी रजिस्टरात पानोपानी पाहिली आहे.

पाचव्या कागदात याच प्रश्नाखाली लिहिलंय: ‘पट्टी वाढणार नाही असे वचन देऊ शकत नाही. नोंद नसलेल्या मिळकती आधी नोंदवाव्यात असे माझे मत.’ ताई, माझ्या टिपणीतलंच वाक्य आहे हो हे.

रस्ते-गटारीवर सगळ्यांचं एकच उत्तर: काँक्रीट. इथे ‘काय’ करणार हे विचारू नका, ‘आधी काय’ ते विचारा. आधी पाण्याची लाइन, मग गटार, मग रस्ता. हा क्रम चुकला की तोच रस्ता दोनदा फोडावा लागतो. मी ज्या नगरपालिकेत होतो तिथे आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात एका कॉलनीत काँक्रीटचा रस्ता झाला. फुगे, नारळ, फोटो, सगळं यथासांग. चार महिन्यांनी तोच रस्ता जलवाहिनीसाठी मधोमध कापला. त्या रस्त्याच्या प्रस्तावाची टिपणी मीच लिहिली होती, आणि पुढे लाइन येणार आहे हे मला माहीत होतं. लिहिताना बोललो नाही. हे आज कबूल करतो.

दुसरं म्हणजे उंची. जुना रस्ता न खोदता त्यावरच थर चढवत गेलं की रस्ता ओट्याच्या वर जातो आणि पहिल्या पावसात पाणी घरात शिरतं. आणि कॉलन्यांमध्ये भुयारी गटार नसते. प्रत्येकाची सेप्टिक टाकी, तिचा निचरा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, तिथे डबकं, डबक्यात डास. गटार बांधली तर ती शेवटी कुठे सोडणार, हे एकाही कागदात नाही. नाला नसेल तर ती गटार म्हणजे लांबोडकं डबकंच. दोष दायित्वाचा कालावधी किती, म्हणजे रस्ता किती वर्षांत उखडला तर ठेकेदारानं फुकट करून द्यायचा, एवढं विचारून बघा. ज्याला हा शब्द माहीत नाही त्यानं ठेका घेतलेला नाही, हीसुद्धा एक माहितीच आहे.

ओपन स्पेस. हा तुमच्या कॉलनीचा सगळ्यात नाजूक विषय, आणि मला वाटतं तुम्ही तो चौथ्या नंबरवर टाकून चूक केलीत. शेत बिनशेती करून ले-आउट पाडताना नियमानं दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते. ती नकाशावर हिरवी दिसते. पण नकाशावर हिरवी असणं आणि नगरपालिकेच्या ताब्यात असणं यात फरक आहे. कितीतरी ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचंच नाव असतं. दहा-पंधरा वर्षांनी त्याची मुलं येतात, तार कुंपण घालतात आणि कॉलनीवाले आंदोलनाला बसतात. तुमच्या दोन नंबरच्या उमेदवार ताईंनी तिथे सभागृह, तीन नंबरच्या भाऊंनी बगीचा आणि पहिल्यांनी ‘सर्वांच्या इच्छेनुसार मंदिर’ असं लिहिलंय. तिघांपैकी एकानंही सातबारा काढून पाहिलेला नाही. तुम्ही काढा. ऑनलाइन निघतो, पाच मिनिटांचं काम. मालक कोण ते बघा. मग ले-आउटची मंजूर प्रत आणि जागा हस्तांतराची नोंद नगररचना विभागातून मागा. या कागदांवर नगरपालिकेचं नाव नसेल तर तुमचा पहिला प्रश्न ‘बगीचा कधी’ हा नाही, ‘ताबा कधी’ हा आहे. आणि हो, तीन नंबरचे भाऊ प्लॉटिंगच्याच धंद्यात आहेत असं तुम्ही लिहिलंय. तुमचं ले-आउट कोणी पाडलं होतं? मी नुसतं विचारतोय.

दुसऱ्या ताईंच्या कागदाबद्दल अजून एक. अक्षर वेगळं, सही वेगळी, आणि उत्तरं ‘मी माझ्या कारकिर्दीत’ असं म्हणणारी, पण त्यांची ही पहिलीच निवडणूक. म्हणजे कागद यजमानांनी लिहिलाय. महिलांना 50 टक्के जागा मिळून आता बरीच वर्षं झाली, तरी हे चालूच आहे. त्यांना दोष देण्याआधी एकदा तुम्ही चार-पाच जणी त्यांच्याकडे चहाला जा, यजमान घरी नसताना. मी अशा दोन नगरसेविका पाहिल्यात, ज्या पहिली दोन वर्षं गप्प बसल्या आणि तिसऱ्या वर्षी पाणीपुरवठा समितीत अधिकाऱ्यांना घाम फोडला. घरी पाणी भरणाऱ्या त्याच होत्या, त्यांना झोन पाठ होते.

कचऱ्यावर फार लिहीत नाही. घंटागाडीच्या ठेक्यात पैसे वजनावर मिळतात की घरांच्या संख्येवर, एवढं विचारा. वजनावर असतील तर गाडीत माती-मुरूम का दिसतो ते आपोआप कळेल. ओला-सुका वेगळा करायचा नियम 2016 पासून आहे. तुम्ही घरी वेगळा केलेला गाडीत पुन्हा एकत्र होतो का, हे कोण बघणार तेही विचारा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की डेपो पेटतो आणि धूर तुमच्या कॉलनीकडेच येतो, कारण डेपो आणि नव्या कॉलन्या दोन्ही गावाबाहेरच असतात.

कुत्र्यांवर चार जणांनी ‘पूर्ण बंदोबस्त’ लिहिलंय. पाचव्यानं लिहिलं ‘हे पूर्णपणे माझ्या हातात नाही’, आणि ते बरोबर आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन कुत्रं परत त्याच भागात सोडायचं असतं. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बस स्थानकं अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलंय. म्हणजे निवारा बांधावा लागेल, डॉक्टर लागेल, पैसा लागेल. सभेत विचारायचं ते एवढंच: यासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली?

आता मत कोणाला द्या ते मी सांगणार नाही. पाचवा उमेदवार खरं लिहितो म्हणून तो चांगला नगरसेवक होईलच असं नाही. खरं बोलणारे आणि सभेत एकटे पडून पाच वर्षं नुसत्या हरकती नोंदवत बसलेले लोकही मी पाहिलेत. चौथ्याला आणि पाचव्याला एकत्र बसवा आणि जलकुंभाच्या जागेवर बोलायला लावा. एक म्हणतो वेगळी टाकी, दुसरा म्हणतो आधी नोंदणी करून पैसा उभा करा. हे दोन्ही जुळतं की नाही, ते अर्ध्या तासात कळेल. पहिले भाऊ दोनदा निवडून आलेले आहेत, त्यांना वेगळा प्रश्न: त्यांच्या काळातल्या सभांची इतिवृत्तं नगरपालिकेत आहेत, माहिती अधिकारात मिळतात. पाणीपट्टीच्या विषयावर त्यांनी काय केलं, ते त्यात असेल. बऱ्याचदा तिथे नावच नसतं, नुसतं ‘सर्वानुमते मंजूर’. माहिती अधिकाराला महिना लागतो, मतदानाआधी हाती येणार नाही. तरी अर्ज आजच टाकून द्या, नंतर उपयोगी पडतो. प्रतिज्ञापत्रं मात्र लगेच बघता येतात, मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही त्यात असतात. ती जरूर वाचा.

वांग्याच्या भरताचे दिवस आहेत. या दहा दिवसांत तुमच्या घरच्या मंडळींना एखाद्या मळ्यात भरीत-पुरीचं बोलावणं येईल, न चुकता. त्यांना जायचं तर जाऊ द्या. पण जाताना झोनचं गणित पाठ करून पाठवा, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी हातात असतानाच विचारायला सांगा.

निवडणूक झाली की हे कागद फेकू नका. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा असते, सर्वसाधारण सभेला नागरिकांना बसता येतं, मागच्या बाकांवर जागा रिकामीच असते. तुम्ही दहा जणी जाऊन बसलात तरी सभागृहाचा आवाज बदलतो. कागद सोबत न्या.

आणि ते फोटो मी मोठे करून पाहिले. पहिल्या आणि तिसऱ्या कागदावर सही नाही, फक्त पक्षाचं चिन्ह छापलंय. तारीख तर एकावरही नाही. उद्या सकाळी प्रचाराला निघायच्या आत त्यांच्या घरी जा आणि दोन्ही घेऊन या.